नावापुरता पाय

अमेरिकन फुटबॉलचा चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला तर सुमारे ११ इंच भरतो. म्हणजे जवळजवळ एक फूट, आणि म्हणूनच तो ‘फूट-बॉल’, असा एक खुलासा अधूनमधून ऐकायला मिळतो. खुलासा सुटसुटीत आहे, पण चुकीचा. नाव आधीचे, हा लांबट चेंडू नंतरचा. अमेरिकेतली महाविद्यालयांमधली पहिली फुटबॉल लढत झाली तेव्हा चेंडू गोल होता आणि तो काखेत मारून पळायला सक्त मनाई होती.

ही लढत ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या न्यू ब्रन्सविक गावी झाली. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांचे पंचवीस-पंचवीस गडी एकमेकांना भिडले आणि रटगर्सने ६-४ अशी बाजी मारली. नियम लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे, स्थानिक सोयीने थोडे वाकवलेले. चेंडू हाताने टोलवता येई, पण उचलून धावता येत नसे. आजच्या प्रेक्षकाला ती लढत दाखवली तर तो तिला बिनदिक्कत सॉकर म्हणेल.

नगरकरांना या काळाचा धागा सहज सापडावा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. पुढे या मिशनचे मोठे नाव झालेले रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम जन्मले मुंबईत, भायखळ्याला. येल महाविद्यालयातून ते १८६८ साली पदवीधर झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, येलचा संघ पहिल्यांदा दुसऱ्या महाविद्यालयाविरुद्ध उतरला. ह्यूम नगरला आले १८७४ मध्ये, आणि नेमक्या त्याच वर्षी तिकडे या खेळाने वळण घेतले.

ते वळण हार्वर्डमुळे आले. १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन आणि रटगर्स यांनी न्यूयॉर्कला बसून पायाने खेळायच्या फुटबॉलचे सामायिक नियम ठरवले. हार्वर्डवाले त्या बैठकीला गेलेच नाहीत. त्यांच्याकडे ‘बॉस्टन गेम’ नावाचा वेगळा प्रकार चाले आणि त्यात काही प्रसंगी चेंडू हातात घेऊन पळता येई. घराजवळ कोणी खेळेना, म्हणून त्यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाला बोलावले. मे १८७४ मध्ये पहिल्या दिवशी बॉस्टनच्या नियमांनी आणि दुसऱ्या दिवशी मॅकगिलच्या रग्बीच्या नियमांनी सामना झाला. हार्वर्डची पोरे रग्बीवर लुब्ध झाली. पुढच्या वर्षी त्यांनी येललाही नादी लावले आणि नोव्हेंबर १८७६ मध्ये स्प्रिंगफिल्ड इथल्या बैठकीत महाविद्यालयांनी रग्बीच्या धर्तीचे नियम स्वीकारले. संघटनेच्या नावात मात्र ‘फुटबॉल’च राहिले.

यात लबाडी काही नव्हती. रग्बीचेही पूर्ण नाव ‘रग्बी फुटबॉल’च. इंग्लंडमध्ये ‘फुटबॉल’ हे एका खेळाचे नाव नव्हते, अख्ख्या कुळाचे आडनाव होते. प्रत्येक शाळेचे नियम वेगळे. १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये ते एक करायला मंडळी जमली. चेंडू हातात घेऊन पळावे की नाही आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारावी की नाही, यावर वाद पेटला. लाथेचा हक्क सोडायला तयार नसलेला ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. उरलेल्यांचा झाला असोसिएशन फुटबॉल, आणि १८७१ मध्ये संघटित झालेल्यांचा रग्बी फुटबॉल. ‘असोसिएशन’मधला मधला तुकडा उचलून त्याला ‘-अर’ शेपूट लावायची इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांची खोड, तीतून ‘सॉकर’ निपजला. आज या शब्दाबद्दल अमेरिकनांना नाके मुरडणाऱ्या इंग्रजांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

खरी गंमत गुणांच्या हिशेबात आहे. येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० पासून खेळाला आजचे रूप द्यायला सुरुवात केली. अकरा खेळाडू, दोन्ही संघांना समोरासमोर उभे करणारी रेषा, आणि १८८२ पासून तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायची अट. पण १८८३ मध्ये ठरलेले गुण पाहा. चालू खेळात लाथेने मारलेल्या, म्हणजे मैदानी गोलला ५, टचडाउननंतरच्या लाथेच्या गोलला ४, आणि खुद्द टचडाउनला फक्त २. चेंडू हातात घेऊन शेवटच्या रेषेपार जाणे ही लाथ मारायची संधी मिळवण्याची वाट होती, खरी कमाई पायाचीच. तेव्हा त्या खेळाला फुटबॉल म्हणणे अगदी रास्त होते. मग हळूहळू पारडे फिरले. १८९७ मध्ये टचडाउनला ५ गुण झाले, १९१२ मध्ये ६. मैदानी गोल १९०९ मध्ये ३ वर उतरला आणि तिथेच राहिला.

दरम्यान १९०६ आले. मैदानावरच्या मारामारीत जीव जाऊ लागले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांना समज दिली आणि गर्दी फोडण्यासाठी चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा मिळाली. फेकायला जाडजूड चेंडू गैरसोयीचा, म्हणून पुढच्या दशकांत तो बारीक आणि टोकदार होत गेला. आणि इथे आकारानेच पायाला मैदानाबाहेर काढले. जमिनीवर टाकून उसळताच मारायची ‘ड्रॉप किक’ चेंडू बोथट होता तोवर भरवशाची होती. टोकदार चेंडू टप्पा पडल्यावर कुठे उडेल याचा नेम नाही. ही किक व्यावसायिक लीगमधून १९४१ नंतर नाहीशीच झाली. १ जानेवारी २००६ रोजी डग फ्लूटी या खेळाडूने ती यशस्वी करून दाखवली, तेव्हा समालोचकांना आजोबांच्या काळातल्या आठवणी काढाव्या लागल्या.

लांबट चेंडू हातातून मात्र झकास सुटतो. स्वतःभोवती गरगर फिरत जाणारी फेक दिसते सोपी, पण तिच्यात एक कोडे दडलेले होते. फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सोडत नाही. मग नाक वर करून फेकलेला चेंडू उतरतानाही नाक वर ठेवूनच उतरायला हवा. प्रत्यक्षात तो वाटेसोबत वळतो आणि नाक खाली घालून उतरतो. टिमोथी गे, रिचर्ड प्राइस आणि विल्यम मॉस या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये याचा नीट उलगडा केला. हवा नाकाला उलटवू पाहते. न फिरणारा चेंडू गडगडला असता, पण फिरणारी वस्तू ढकलल्या दिशेला न जाता काटकोनात सरकते. कलता भोवरा पडण्याऐवजी डोके गोल फिरवतो, त्यामागेही हेच. चेंडूचे नाक वाटेभोवती छोटी वर्तुळे काढत राहते आणि सरासरीने वाटेला धरून राहते.

खेळ असा बदलला तरी नाव बदलायची निकड अमेरिकेत कोणाला वाटली नाही, कारण गोंधळच नव्हता. ‘अमेरिकन फुटबॉल’ हे नाव बाहेरच्यांनी सोयीसाठी लावलेले, तिथे नुसते ‘फुटबॉल’ पुरते. पारनेर किंवा शेवगावच्या स्टँडवर कंडक्टर ‘नगर, नगर’ ओरडतो तेव्हा कोणते नगर असे कोणी विचारत नाही. गाव अहमदनगर होते तेव्हाही ते नगर होते, २०२४ मध्ये अहिल्यानगर झाल्यावरही नगरच आहे. ज्या मुलखात जो खेळ आधी रुजला, तो तिथला बिनविशेषणाचा फुटबॉल झाला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन नियमांचा, आयर्लंडच्या बऱ्याच भागात गेलिक. माघार घ्यावी लागली ती अमेरिकेतल्या सॉकरवाल्यांना. त्यांची संघटना १९१३ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन’ होती. १९४५ मध्ये तिने ‘सॉकर’ शब्द आत घेतला आणि १९७४ मध्ये ‘फुटबॉल’ पुरता सोडून दिला.

आपल्याकडे नेमकी उलटी कथा घडली. नगर जिल्ह्यातल्या गावच्या यात्रांत जुनी माणसे अजून ‘हुतूतू’ म्हणतात. तमिळनाडूत हाच खेळ चडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु. देशपातळीवर सामने भरवायचे तर एक नाव हवे. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिम्पिक स्पर्धांत खेळाला जागा मिळाली, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि ‘कबड्डी’ हे नाव पक्के बसले. अमेरिकेत खेळ बदलला आणि नाव टिकले. इथे खेळ बराचसा टिकला आणि नाव बदलले.

पण हुतूतूचे नाव बदलणे म्हणजे नुसती पाटी बदलणे नव्हे, कारण इथे खेळाचे नाव हेच खेळायचे हत्यार आहे. चढाईला गेलेल्याने श्वास आत घेतला नाही याचा पुरावा काय? त्याचा आवाज. बोलायला हवा बाहेर सोडावी लागते, आवाज तुटला की दम तुटला. तेव्हा कोणता शब्द घोकायचा यावर छातीतली हवा किती पुरेल हेही थोडे अवलंबून आहे. ‘ह’ उच्चारताना स्वरतंतू उघडे असतात आणि हवा भसकन निघून जाते. ‘ब’ आणि ‘ड्ड’ला तोंडातली वाट क्षणभर बंद होते, हवा अडते. दोन्ही शब्द एकेका दमात घोकून पाहा, माझा कौल कबड्डीला आहे. नाव ठरवताना हा विचार कोणी केला असेल असे मला वाटत नाही. आता तर चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले आहे आणि दमाची कसोटी पूर्वीइतकी कडक उरलेली नाही. नियमातला शब्द मात्र कायम आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ असेच म्हणायचे. नगरच्या वाडिया पार्कवरच्या सामन्यात एखादा गडी जुन्या सवयीने ‘हुतूतू’ म्हणत मध्यरेषा ओलांडून गेला, तर नियमाप्रमाणे पंच त्याला ताकीद देऊन परत पाठवतील आणि समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण व चढाई देतील.