आठ बाय बारा

मुंबईत कुणी खोली घेतली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘केवढी आहे?’ उत्तर फुटांत. दहा बाय दहा, दहा बाय बारा, वर पोटमाळा असेल तर नशीब. पाणी, शेजार, स्टेशन किती लांब, हे सगळं नंतर. बोलण्यात इतकं मुरलेलं हे माप शहराविषयीच्या कलेत कितपत उतरलं? बेघरांवर कलाकृती पुष्कळ झाल्या. बहुतेकींनी माणसाचा चेहरा दाखवला. काही मोजक्यांनी जागा मोजली, आणि मला वाटतं, मनात घर केलं ते त्यांनीच.

नारायण सुर्वे तान्हे असताना फुटपाथवर सापडले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना घरी नेलं, आडनाव दिलं. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला आणि रस्त्याकडे घराच्या खिडकीतून न पाहणारा कवी मराठीला मिळाला. दहा वर्षांनी नामदेव ढसाळांनी तर मुंबईतल्या एका बदनाम वस्तीचंच नाव संग्रहाला दिलं. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर तो भाग पायी फिरले. आपल्याच शहराची भाषा सुशिक्षित वाचकाला नव्याने शिकावी लागली.

दरम्यान जयवंत दळवींचं ‘चक्र’ (1963) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (1969) या कादंबऱ्यांनी झोपडपट्टी वाचनालयांच्या कपाटांत आणली. पडद्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’त (1963) जोडप्याचा संसार सांडपाण्याच्या पाइपात मांडला गेला. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. घर म्हणावं अशी त्याहून लहान जागा शोधायची तरी कुठे?

मग 1981चा पावसाळा आला. मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना उठवून त्यांच्या गावी धाडण्याचा आदेश दिला आणि महापालिकेच्या गाड्या निघाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा तो निकाल जुलै 1985मध्ये लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, हे न्यायालयाने मान्य केलं. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत उठवू नका, अशी सवलत मिळाली.

त्याच वर्षी आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आला. तोडलेल्या झोपड्या, झोपड्यांमुळे शहर घाण होतं म्हणणारी सुखवस्तू मंडळी, हे सगळं त्यात आहेच. पण लक्षात राहते ती एक बाई. ती कॅमेरावाल्यांनाच फैलावर घेते: आमची चित्रं काढून तुमचं नाव होईल, आमच्या पदरात काय पडणार? पटवर्धनांनी हा तुकडा कापला नाही. पुढच्या वर्षी संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हा रहिवाशांसोबत उपोषणाला बसलेल्यांत ते आणि शबाना आझमी होते. वस्तीला गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. जागा मिळवली ती लढ्याने, चित्रपटाने नव्हे; पण चित्रपट करणारा बाईच्या प्रश्नाजवळ थांबला होता, एवढं खरं.

तो प्रश्न पुढच्या प्रत्येक कलाकृतीला विचारून पाहावा. हेमा उपाध्याय यांनी 2009मध्ये धारावीतल्या साधारण खोलीच्या मापाची एक खोली उभारली. नाव तेच: आठ फूट बाय बारा फूट. आत शिरलं की भिंतींवर, छतावर पत्र्याच्या नि भंगाराच्या तुकड्यांची चिमुकली घरं दाटलेली. बघणाऱ्याला मागे सरून बघायला जागाच उरत नाही. उलट, 2017च्या अखेरीस घाटकोपरजवळच्या असल्फाच्या टेकडीवरची घरं स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून रंगवली. मेट्रोतून जाता-येता ती टेकडी प्रसन्न दिसते. फक्त रंग भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आहे, आणि खोलीचं माप आतून घ्यायचं असतं.

रस्त्याचंही माप असतं. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता सुधीर पटवर्धनांनी रंगवलेल्या चित्रांत हॉटेलातली, लोकलमधली, पुलावरची माणसं जेवढी जागा व्यापतात तेवढीच त्यांच्या हक्काची वाटते. पारोमिता व्होरांच्या ‘क्यू टू पी’ (2006) या माहितीपटाने तर शहर बायकांचं किती, याचा हिशेब सार्वजनिक शौचालयांच्या दारात मांडला.

या आढाव्यात सर्वांत मोलाची वाटणारी कलाकृती मात्र कोणत्याही दालनात टांगलेली नव्हती. 1985मध्ये ‘स्पार्क’ संस्थेने फुटपाथवासीयांची गणना केली. अहवालाच्या नावातच ‘आम्ही अदृश्य’ असं होतं. त्यातून भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका एकत्र आल्या आणि ‘महिला मिलन’ उभी राहिली. कायमचं घर कसलं ते त्यांच्यापैकी अनेकींना ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी आपल्या घराची मापं ठरवली आणि घरांचे नमुने खऱ्या आकारात उभे करून लोकांना दाखवले. खोलीची उंची धरली चौदा फूट. खाली जागा वाढणं शक्य नव्हतं, म्हणून वर पोटमाळा. मुलगा मोठा होईल, त्याचं लग्न होईल, तेव्हा वरचा मजला आधीच तयार.

‘हमारा शहर’मधल्या त्या बाईने विचारलं होतं, आमच्या पदरात काय पडणार? भायखळ्याच्या बायकांनी कुणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ज्यांच्या डोक्यावर ताडपत्री होती, त्यांनी सुनेसाठी माळा काढून ठेवला.