जुनं बोटीचं मशीन स्लोवर का थरथरतं? पैसे खर्च करण्याआधी हे क्रमाने तपासा

रेस दिली की मशीन व्यवस्थित पळतं. पण जेटीजवळ येऊन रेस कमी केली की थरथरायला लागतं, मध्येच मिसिंग करतं आणि गियर टाकताच बंद पडतं. लहान होडीवर जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड वापरणाऱ्या आपल्या कोकणातल्या घरांना ही तक्रार नवी नाही.

अनेकजण यावर एकच इलाज करतात: स्क्रू फिरवून स्लो वाढवून ठेवायची. आमचं म्हणणं आहे, असं करू नका. त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. शिवाय जास्त रेसवर गियर टाकला की गियरचे दात झिजतात आणि शंभर-दोनशेच्या कामाचं हजारोंचं काम होतं. जाळं ओढताना, दुसऱ्या होड्यांमधून वाट काढताना किंवा खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना मशीन स्लोवर टिकलं नाही, तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

शाळेत प्रयोग करताना आम्ही मुलांना सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. इथेही तोच नियम. सोप्या आणि स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा.

१. आधी इंधन

स्लोवर कार्बोरेटरमधून अगदी थोडं इंधन जातं. म्हणून इंधनातला छोटासा दोषही आधी स्लोवरच दिसतो. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. समुद्रकाठच्या हवेत महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलचा भरवसा धरू नका. ताजं पेट्रोल घालून पाहा.

ऑइलचं प्रमाणही बघा. 50:1 म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली, 10 लिटरला 200 मिली. काही जुन्या मशीनला 25:1 लागतं, म्हणजे लिटरला 40 मिली. आपल्या मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच खरं. अंदाजाने ओतलेलं जादा ऑइल प्लग काळा करतं. ऑइल आउटबोर्डसाठीचं, टीसी-डब्ल्यू3 खुणेचं घ्या, स्कूटरचं नको.

२. टाकी आणि पाइप

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? पाइपवरचा रबरी पंप दाबल्यावर घट्ट व्हायला हवा. तो घट्टच होत नसेल, तर कुठेतरी हवा घुसते किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेलाय. मशीन चालू असताना तो चपटा होत असेल, तर टाकीकडून इंधन अडतंय. जोडणीतली रबरी रिंग आणि फिल्टरही तपासा.

३. प्लग

मशीन बंद करून दोन्ही प्लग काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. एक कोरडा आणि दुसरा काळा-ओला असेल, तर ओल्या प्लगचा सिलिंडर नीट पेटत नाही. आता प्लगची अदलाबदल करून मशीन चालवा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर प्लगच बदला. जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरची वायर, कॉइल किंवा कार्बोरेटर बघावा लागेल. चालू मशीनच्या प्लगची वायर हाताने ओढू नका, जोरदार झटका बसतो. उघड्या पेट्रोलजवळ स्पार्क तपासू नका.

४. कार्बोरेटर

स्लोचा जेट केसाएवढा बारीक असतो. पेट्रोल सुकून त्यात चिकट थर बसला की रेसवर मशीन ठीक आणि स्लोवर बेजार. कार्बोरेटर क्लीनरने धुवा आणि हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परत तिथेच आणता येईल.

शेवटची सेटिंग मशीन गरम झाल्यावर, होडी पाण्यात बांधून, गियरमध्ये करा. पाव फेरा फिरवा, थोडं थांबा, ऐका. कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येत असेल तर इंधन कमी पडतंय. धूर वाढून मशीन जड होत असेल तर जास्त होतंय.

पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवायचं मशीन असेल, तर बंद करण्याआधी काही वेळ पेट्रोलवर चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये केरोसीन उरत नाही.

५. मग मेकॅनिक

एवढं करूनही फरक नसेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोन सिलिंडरच्या आकड्यांत मोठा फरक आला तर रिंग किंवा हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. दोन्ही आकडे सारखे असतील, तर सील किंवा रीड व्हॉल्व्हमधून हवा निसटते का ते बघायला सांगा. हे घरचं काम नाही. पण तुम्ही काय काय तपासलं ते कागदावर असेल, तर मेकॅनिकचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील. नवीन मशीनसाठी दागिने गहाण ठेवायचा विचार या आकड्यांनंतर करा, आधी नाही.

दोन गोष्टी विसरू नका

पाण्याबाहेर मशीन चालवू नका. थंड पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरून लगेच खराब होतो. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मशीन ठेवण्याआधी पाइप काढून कार्बोरेटरमधलं इंधन संपवा. काढलेलं जुनं पेट्रोल खाडीत ओतू नका, आपली रोजी त्याच पाण्यात आहे.

आधी तदबीर, मग तवक्कुल. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी खाडीच्या आतच मारा. सोबत वल्हं, नांगर आणि लाइफ जॅकेट ठेवा. मशीन स्लोवर दहा-पंधरा मिनिटं टिकलं, गियर टाकल्यावर बंद पडलं नाही, मगच बाहेर समुद्रावर जा.