एक बाजू घुमते, दुसरी दबते : ध्वनिवर्धक यंत्रणेतील दोष कसा शोधावा?

सभामंडपात एका बाजूच्या श्रोत्यांना वक्त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो आणि दुसऱ्या बाजूचे श्रोते कान टवकारून बसलेले असतात, हे दृश्य सार्वजनिक कार्यक्रमांत नवे नाही. अशा वेळी बहुधा एकूण आवाज वाढवला जातो. त्यामुळे दबलेली बाजू काहीशी ऐकू येऊ लागते. परंतु चांगली बाजू असह्य होते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार ध्वनिक्षेपक वापरल्या जाणाऱ्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. निवासी क्षेत्राचे दिवसाचे मानक ५५ डेसिबल असल्याने तेथे ही मर्यादा ६५ डेसिबल ठरते. म्हणजेच मूळ दोष न शोधता आवाज वाढवणे यंत्राला घातक आणि नियमालाही सोडून आहे.

प्रथम साध्या गोष्टी

ॲम्प्लिफायर उघडण्यापूर्वी बाहेरची मांडणी पाहावी. मिक्सरवरील पॅनचे बटण एका बाजूला झुकलेले नाही ना, दोन्ही चॅनेलची आवाजाची बटणे समान खुणेवर आहेत का, आणि ॲम्प्लिफायरच्या मागील स्टीरिओ, पॅरलल व ब्रिज हा निवडस्विच योग्य जागी आहे का, याची खात्री करावी. दोन्ही बाजूंचा भारही सारखा हवा. एका चॅनेलवर ८ ओहमचा एक स्पीकर आणि दुसऱ्यावर तसेच दोन स्पीकर समांतर जोडलेले असतील, तर दुसऱ्या चॅनेलवरील भार ४ ओहम होतो आणि दोन्हींकडील आवाज मुळातच वेगळा येतो.

अदलाबदलीची कसोटी

यानंतर दोन्ही चॅनेलना एकच ध्वनिसंकेत द्यावा. डावी बाजू दबलेली आहे असे समजू. यंत्र बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागील स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. तरीही डावा स्पीकरच दबलेला राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. आता उजवा स्पीकर दबला, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे.

दुसऱ्या स्थितीत स्पीकरच्या तारा पूर्ववत कराव्यात आणि मिक्सरकडून येणाऱ्या केबलींची अदलाबदल करावी. दबलेपणा उजवीकडे सरकला, तर मिक्सर किंवा केबल सदोष आहे. डावीकडेच राहिला, तर ॲम्प्लिफायरचा डावा चॅनेल सदोष आहे. केबलच्या बाबतीत एक लक्षण ध्यानात ठेवावे. एक्सएलआर केबलमधील दोन संकेतवाहक तारांपैकी एक तुटली, तरी आवाज पूर्ण बंद होत नाही. तो साधारण ६ डेसिबलने उतरतो आणि अनेकदा गुणगुण वाढते.

मोजमाप

कानाचा अंदाज फसवा असतो. शक्ती निम्म्यावर आली तरी फरक ३ डेसिबलचाच असतो आणि तो सहज जाणवत नाही. म्हणून ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे स्पीकर सोडवून, दोन्ही चॅनेलना १०० हर्ट्झचा स्थिर स्वर देऊन, मल्टिमीटरने प्रत्येक चॅनेलचे एसी व्होल्ट मोजावेत. स्विच ब्रिज स्थितीत नसावा. एका चॅनेलवर २० व्होल्ट आणि दुसऱ्यावर १४ व्होल्ट आले, तर ८ ओहमच्या भारावर पहिला ५० वॉट देईल आणि दुसरा सुमारे २५ वॉट. भाराविना दोन्ही आकडे समान आणि स्पीकर जोडताच एक घसरला, तर संशय आउटपुट रिलेच्या काजळलेल्या संपर्कांवर किंवा सैल टर्मिनलवर घ्यावा. भाराविनाही फरक असेल आणि बटण फिरवताना खरखर येत असेल, तर आवाजाच्या बटणात धूळ साचलेली असण्याचा संभव मोठा. यंत्र बंद असताना कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून ते काही वेळा पूर्ण फिरवल्यास पुष्कळदा दोष दूर होतो.

येथे थांबावे

ध्वनिसंकेत नसताना आउटपुटवर काही व्होल्ट डीसी दाब दिसला, तर त्या चॅनेलला स्पीकर जोडूच नये; त्याची कॉइल जळते. पेटी उघडण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे. प्लग काढल्यानंतरही आतील मोठे कपॅसिटर भारित राहतात आणि मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये हा दाब १०० व्होल्टांहून अधिक असू शकतो.

दबलेला चॅनेल तसाच ताणत राहिल्यास ध्वनिलहरींची शिखरे कापली जातात, आवाज फाटतो आणि सर्वप्रथम बळी जातो तो उच्च स्वरांच्या नाजूक स्पीकरचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी केलेली ही तपासणी अर्ध्या तासाहून क्वचितच अधिक वेळ घेते. ऐन सभेत मात्र बटण वाढवण्यापलीकडे कोणाच्याच हाती काही उरत नाही.