निवटी : चिखलातील श्वास

ठाणे, पनवेल, उरण या परिसरातील खाड्यांना ओहोटी लागली की काळसर चिखल उघडा पडतो. दुरून तो निर्जीव भासतो. परंतु काही काळ स्तब्ध उभे राहिल्यास त्यावर वीतभर लांबीचे मासे सरपटताना व उड्या मारताना दिसतात. आगरी-कोळी बांधव जिला निवटी म्हणतात ती हीच मासळी. तिचे कालवण आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तिच्या जीवनक्रमाचाही थोडा परिचय व्हावा, असे आम्हांस वाटते.

पाण्याबाहेर मासा गुदमरतो, कारण हवेत त्याचे कल्ले परस्परांना चिकटतात. निवटी मात्र कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी साठवते आणि ओलसर त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतील प्राणवायू शोषून घेते. अंग ओले राखणे हाच तिच्या जगण्याचा मूलाधार होय. वरचेवर ती चिखलात लोळते ती याचसाठी. डोक्यावर उंचावलेले डोळेही खोबणीत ओढून ती ओलावते. छातीच्या मांसल परांवर भार देत ती पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर आढळणारी बोलिओफ्थॅल्मस ड्युसुमिएरी ही जात चिखलावरील डायॅटम नावाचे सूक्ष्म शैवाल खरवडून खाते.

निवटीचे घर म्हणजे तोंडाने चिखल उपसून खणलेले बीळ. त्यातील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असतो. मग तेथे अंडी जगतात कशी? जपानच्या किनाऱ्यावरील एका जातीच्या अभ्यासातून याचे उत्तर मिळाले. त्या जातीची अंडी बिळातील हवेने भरलेल्या कप्प्यात चिकटवलेली असतात. नर तोंडात हवा भरून आणतो व कप्प्यात सोडतो. अंडी पक्व झाली की तोच नर ती हवा बाहेर नेतो. कप्प्यात पाणी शिरते आणि पिल्ले बाहेर पडतात.

या साऱ्या व्यवहाराला आधार आहे तो मऊ, ओल्या चिखलाचा. चिखलावर भराव पडला की बीळही गेले आणि अन्नही. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने कांदळवनांस संरक्षण लाभले. २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि झाडे नसलेला उघडा चिखल आजही अनेकांना रिकामी जागाच वाटतो. ती जागा रिकामी नाही. ओहोटीच्या वेळी बिळात हात घालून निवट्या पकडणाऱ्या कुटुंबांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपणही आपल्या मुलांना एकदा खाडीकाठी न्यावे आणि चिखलाकडे पाहावयास शिकवावे, एवढीच आमची अपेक्षा.