अर्जाची तारीख

नंदनवनात आमच्या गल्लीत मी कवी आहे हे थोड्यांनाच ठाऊक आहे. अर्ज लिहून देणारा म्हणून मात्र सगळे ओळखतात. बी. ए. झालेला, मराठी अक्षर बरं, आणि पैसे घेत नाही. रेशनकार्डात नाव चढवायचं असो की विजेचं बिल जास्त आल्याची तक्रार, मंडळी कोरा कागद घेऊन आमच्या ओट्यावर येतात. कवितेला मला महिने लागतात, अर्ज दहा मिनिटांत होतो. त्यातला एक अर्ज मी वेळेवर लिहिला नाही. त्याबद्दल आज बोलायचं आहे.

२०१२ चा ऑगस्ट. रमजान सुरू होता. शेजारची मुलगी आठ महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी परत आली. सासरी मारझोड होतीच, शेवटी घराबाहेर काढलं. तिचे अब्बा माझ्याकडे आले. म्हणाले, "भाई, कोर्टात द्यायचा अर्ज लिहून द्या." मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "कोर्टाची पायरी चढली की नातं तुटतं. आधी चार लोक बसून बोलू." मुलीला कुणी काही विचारलं नाही. ती आत चहा करत होती.

बैठका झाल्या. एक नाही, पाच. दर वेळी सरबत, बिस्किटं आणि "ईद झाली की घेऊन जातो" हा शब्द. दोन रमजान ईद गेल्या. २०१४ च्या मे महिन्यात तलाक दिल्याचा निरोप आला. तेव्हा बैठकीतलेच एक बुजुर्ग म्हणाले, "इद्दतीपुरता खर्च मिळेल. मूलही दोन वर्षांचं होऊन गेलं. आता पुढे काही नाही." मीही मान हलवली. माझ्या पदवीचा तिला एवढाच उपयोग झाला.

खरं म्हणजे यातलं प्रत्येक वाक्य चूक होतं, आणि ते चूक आहे हे न्यायालयांनी आमच्या बैठकांच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. मुस्लिम मुलांना पोटगी फक्त दोन वर्षांपर्यंत नसते, ती सज्ञान होईपर्यंत त्यांचा हक्क असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. शाहबानो प्रकरणानंतर १९८६ चा कायदा आला, तेव्हा घटस्फोटितेचा हक्क इद्दतीपुरता उरला असं घरोघर पसरलं. पण त्याच कायद्याचा अर्थ लावताना २००१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की इद्दतीच्या काळात करून द्यायची आहे ती तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद. म्हणजे मुदत पैसे देणाऱ्याला आहे, तिच्या पोटाला नाही. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने आणखी एक दार बंद केलं. न्यायालयात "मी तलाक दिला" एवढं लिहून दिल्याने तलाक होत नाही, त्याची कारणं आणि आधी झालेला समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. १० जुलै २०२४ च्या निकालाने तर उरलीसुरली शंकाही फिटली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखालची पोटगी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही मागता येते. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या क्रमांकाने आहे.

अब्बांची दुसरी अडचण वकिलाच्या फीची होती. मोफत वकील मिळतो असं कुठेतरी ऐकून त्यांनी पंधरा दिवस खेटे घालून उत्पन्नाचा दाखला काढला. जून २०१४ मध्ये आम्ही तिघं सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. टेबलामागच्या बाईंनी तो दाखला न वाचताच परत केला. "बाईमाणसाला हा लागत नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना ऐकवलं आहे. आर्थिक कारणाने कुणी न्यायाला मुकू नये, हे कलम ३९-अ राज्यघटनेत १९७६ मध्ये आलं. त्यावरून विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत विधी सेवेचे हक्कदार दिले आहेत. इतर काहींना उत्पन्नाची मर्यादा आहे. स्त्री आणि बालक यांना ती नाही. बंगल्यातली असो की झोपडीतली. मला यात फार शहाणपण दिसतं. बंगला नवऱ्याचा असतो, बाहेर काढलेल्या बाईच्या हातात रिक्षाचे पैसेही नसतात.

मोफत म्हणजे वकिलाची फी तर नाहीच, पण न्यायालयाचं शुल्क, नोटीस बजावण्याचा खर्च, कागद तयार करण्याचा आणि निकालाच्या नकलांचा खर्चही नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथले कर्मचारी लिहून घेतात. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. नेमलेल्या वकिलाने अशिलाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. "फुकटचा वकील कामाचा नसतो" असं म्हणतात. काही वेळा ते खरंही निघतं. पैसे मोजून केलेल्या वकिलाबाबतही निघतं, पण तो बदलायला पुन्हा पैसे लागतात. इथे प्राधिकरणाकडे तक्रार करून दुसरा वकील मागता येतो.

तिला पोटगी लागली. तिचे अडीच हजार आणि मुलाचे दीड हजार, मिळून महिना चार हजार, अर्जाच्या तारखेपासून. अर्जाची तारीख जून २०१४ ची. घराबाहेर काढलं ऑगस्ट २०१२ मध्ये. मधले बावीस महिने. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी हजार रुपये माझ्या "थांबा"ची किंमत होती, आणि ती मी भरली नाही. त्या काळात ती घरी बसून ब्लाऊज शिवत होती. मला ती कधी काही बोलली नाही. भेटली की सलाम करते.

तारखेचं हे मोल पुढे नागपूरच्याच एका खटल्याने देशाला शिकवलं. इथल्या कुटुंब न्यायालयात एका आईने २०१३ च्या सप्टेंबरात अंतरिम पोटगी मागितली. अंतरिम म्हणजे मूळ प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून दिलेली. ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश झाला. आईला महिना पंधरा हजार, मुलाला पाच हजार आणि १ सप्टेंबर २०१५ पासून दहा हजार. पण मोजणी सुरू झाली १ सप्टेंबर २०१३ पासून. म्हणजे आदेशाच्या सुमारास दोघांचे मिळून चोवीस महिन्यांचे चार लाख ऐंशी हजार जमा धरले गेले. पतीचं आव्हान उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळलं. प्रकरण दिल्लीला गेलं. ४ नोव्हेंबर २०२० ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी साऱ्या देशासाठी नियम घालून दिला: पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची, आणि दोघांनीही आपल्या मिळकतीचं व देण्यांचं प्रतिज्ञापत्र दाखल करायचं. "मला काही कमाई नाही" हे आता नुसतं तोंडी चालत नाही. अंतरिम पोटगीलाच सात वर्षं लागली ही त्यातली शरमेची बाजू.

तेव्हा घराबाहेर काढल्याची तारीख आणि अर्जाची तारीख यांत अंतर पडू देऊ नका. सासर कुठेही असो, अर्ज बाई राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो. आदेश झाल्यावरही पैसे थकले तर वसुलीचा अर्ज, पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. इथेही बैठका घेत बसलं की पैसे बुडतात. आणि पैशांपेक्षा छताची गरज आधी असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे. त्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यायची असते, धर्म कुठलाही असो. घर सासूच्या नावावर आहे एवढ्यावरून सुनेला बाहेर काढता येत नाही, हेही ऑक्टोबर २०२० मध्ये ठरलं आहे. कुठे जायचं ते कळत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक फिरवा.

समेटाला माझा विरोध नाही. घरं समेटानेही सावरतात, मी पाहिली आहेत. पण अर्ज दिला म्हणून बोलणी थांबत नाहीत, आणि मिटलं तर अर्ज मागे घेता येतो. गेलेले महिने मागे घेता येत नाहीत.

मध्यंतरी आमच्याच गल्लीतली आणखी एक मुलगी दोन लेकरांसह परतली. तिच्या मामूंनी रविवारची बैठक ठरवली आणि मलाही निरोप दिला. मी या वेळी आधी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा चाचा." निकाहनाम्याची नक्कल, लेकरांचे जन्मदाखले आणि आधार कार्ड पिशवीत घातलं. अर्ज शुक्रवारी दिला, पोच घेतली. रविवारी बैठकीलाही गेलो. सरबत चांगलं होतं.