विश्लेषण : चिनी ‘चीगाँग’ आणि कोल्हापूरची पहाट... श्वास, ऋतू आणि कलेचे नाते काय?

संथ श्वास, सावकाश हालचाल आणि निसर्गाच्या वेळा पाळल्या की सर्जनशीलता बहरते, असे सांगणारे चीगाँगचे व्हिडीओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. यात तथ्य किती? आणि चीगाँगचे नावही न ऐकलेल्या कोल्हापूरच्या गायक-चित्रकारांनी नेमके हेच कसे साधले?

चीगाँग म्हणजे काय?

‘ची’ म्हणजे श्वास, वाफ किंवा प्राण. ‘गाँग’ म्हणजे चिकाटीने कमावलेले कौशल्य. आपल्या भाषेत सांगायचे तर श्वासाचा रियाज. गुडघे किंचित सैल ठेवून उभे राहायचे, हात पाण्यातून फिरवावेत तसे हळू वर-खाली करायचे आणि प्रत्येक हालचाल श्वासाला बांधायची. तालमीतल्या जोर-बैठकांसारखा आकडा इथे मोजत नाहीत.

प्रकार जुना आहे. चीनमधील मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मधील एका थडग्यात रेशमावर काढलेली व्यायामाची चित्रे सापडली. त्यात ४४ माणसे आहेत आणि काहींच्या हालचाली प्राणी-पक्ष्यांच्या आहेत. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या चालीवरून बेतलेला ‘पाच प्राण्यांचा खेळ’ हा संच हुआ तुओ या प्राचीन वैद्याच्या नावावर सांगितला जातो. पण या सगळ्याला मिळून ‘चीगाँग’ हे नाव रूढ झाले ते १९५०च्या दशकात, चीनमधील सरकारी आरोग्यधामांतून. त्यामुळे ‘हजारो वर्षांपूर्वीचे चीगाँग’ हे वाक्य ऐकले की थोडे थांबावे. शिवाय ‘ची’ नावाची ऊर्जा आजवर कोणत्याही उपकरणाने मोजलेली नाही. अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला हे खटकते, कारण ज्याला एकक नाही त्याचा आलेख काढता येत नाही. श्वास मात्र मोजता येतो.

कलेचा संबंध कुठून आला?

इसवी सन ५००च्या सुमारास शिए ह या चिनी समीक्षकाने चित्र पारखण्याची सहा तत्त्वे मांडली. त्यातले पहिलेच तत्त्व ‘ची’चे आहे : चित्रात श्वास खेळतो का? रेखाटन, रंग, मांडणी हे सारे त्यानंतर. याला व्यावहारिक कारणही आहे. शाई शोषून घेणाऱ्या कागदावर कुंचला टेकला की रेघ खोडता येत नाही. हात अडखळला तर तो अडखळलेलाच दिसतो. त्यामुळे श्वास आणि हात एका लयीत असणे ही तिथल्या चित्रकाराची रोजची गरज होती.

निसर्गाच्या लयीचेही तसेच. चिनी पंचांगात वर्षाचे २४ सौर टप्पे असतात आणि दिवसाचे दोन-दोन तासांचे १२ भाग. आपल्याकडे आठ प्रहर आहेत आणि रागांना त्या प्रहरांच्या वेळा आहेत. भैरव पहाटेचा, मल्हार पावसाचा, हे गाणे न शिकलेल्यालाही ठाऊक असते.

कोल्हापुरात हे कसे दिसते?

सुरुवात गाण्यापासून. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारी होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. इथे येण्याआधी, आमलेटा संस्थानात असताना, अतिगाण्याने त्यांचा आवाज गेला होता. तो परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता, जड झाला होता. खाँसाहेबांनी जुना गळा ओढून आणण्याचा हट्ट धरला नाही. असलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. लांब, गुंतागुंतीची तान, एकात एक गुंफलेले स्वर आणि या सगळ्याला पुरणारा दमसास ही या गायकीची ओळख. शरीर जे देते त्याचे ऐकून कला बांधणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी चीनच्या पुस्तकात सापडले नाही.

अनेक गायक पहाटे खर्ज लावतात. मंद्र सप्तकातला एकच षड्ज, एका श्वासात जमेल तितका लांब. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडत नाही असे वाटते. घडते ते इतकेच : श्वास संथ होतो, खांदे उतरतात आणि कान स्वतःच्याच आवाजावर स्थिरावतो.

दुसरे नाव आबालाल रहिमान यांचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत याच परिसरात रमले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा ही त्यांची ठिकाणे. तीच जागा, वेगळी वेळ, वेगळा उजेड. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी चितारला. तो मठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडतो. एकदाच जाऊन फोटो काढणाऱ्याला त्यातला एकच मठ मिळतो. वर्षभर जाणाऱ्याला अनेक.

ही वाट पुढे अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनीही धरली. पडद्यावरचा रांगडा नायक प्रत्यक्षात निसर्गचित्रात रमणारा माणूस होता. राजारामपुरीतील त्यांचे घर आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे.

विज्ञान काय सांगते?

श्वासापासून पाहू. आपण साधारणपणे मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ जणांना जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले, तेव्हा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक संवेदनशील झाली. शांत वाटण्यामागे शरीराची अशी कारणे असतात. त्यातून कविता सुचते, असे मात्र हा अभ्यास म्हणत नाही.

सर्जनशीलतेवरचे पुरावे चालण्याबाबत अधिक ठळक आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१४च्या प्रयोगांत १७६ जण होते. बसण्यापेक्षा चालताना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के अधिक सुचल्या. गंमत म्हणजे बंद खोलीत ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. अमेरिकेत २०१२ मध्ये रानात चार दिवस फोनविना राहिलेल्यांनी शब्दकोड्याच्या चाचणीत ५० टक्के सरस कामगिरी केली. पण ती किमया झाडांची की फोन नसण्याची, हे त्या प्रयोगातून वेगळे करता येत नाही. (हे तुम्ही फोनवरच वाचत आहात, तो भाग वेगळा.)

एकूण हिशेब असा, की संथ श्वास आणि हालचाल मनाला सैल करतात. चित्र काढावे लागतेच, तान घोटावी लागतेच. शिस्त रोज एकाच वेळी एकाच जागी आणून उभे करते आणि जागेत झालेला बारीक बदल मग डोळ्याला दिसू लागतो. चीगाँगची खरी मदत इथे असावी. रक्तदाब किंवा अन्य आजारांची औषधे मात्र त्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

मग अडचण काय?

निसर्गाची लय पकडायची, तर ती दिसायला हवी. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन आधी चरण, मग वर मुखापर्यंत पोहोचतात. अभ्यासक त्यांची तीव्रता लक्समध्ये मोजतात. ढग, धूलिकण आणि वाटेतली बांधकामे आड आली की किरणोत्सव अपुरा राहतो. कोल्हापूरकरांना ही चर्चा नवी नाही.

तळ्यांची गोष्टही याच जातीची. रंकाळ्यात सांडपाणी मिसळले की केंदाळ फोफावते. पाण्यावर ते पसरले की आकाशाचा रंग खाली उतरत नाही. सकाळी सहाला पाहा किंवा संध्याकाळी सहाला, काठावर बसलेल्याला एकच हिरवा दिसतो. आबालाल ज्या रंगबदलासाठी पुन्हा पुन्हा काठावर जात, तोच तिथे नसतो. तो कसा होता हे पाहायचे, तर त्यांची काही चित्रे टाउन हॉल संग्रहालयात आहेत.