मेगर लावण्यापूर्वी

इमारतीतील वायरिंगची ठरावीक काळाने जी तपासणी होते, तिच्यात तारांवरील आवरण वीज झिरपू देते की नाही हे पाहणारी विद्युतरोधन चाचणी फार महत्त्वाची असते. वायरमन ज्याला ‘मेगर’ म्हणतात ते उपकरण, पुरवठा बंद केलेल्या तारांवर 500 व्होल्टचा एकदिश दाब देते आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार 230 व्होल्टच्या वायरिंगचा रोध किमान 1 मेगओहम, म्हणजे 10 लाख ओहम, भरावा लागतो.

हे माप तारांचेच असावे, तर तारांना जोडलेली उपकरणे आधी सोडवावी लागतात. 2000 वॉटच्या गिझरमधील कॉइलचा रोध सुमारे 26 ओहम असतो, त्यामुळे गिझर जोडलेला असताना फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मेगर लावला, तर धडधाकट वायरिंगही सदोष ठरते. एलईडी दिव्याच्या आतील मंडलाला एरवी जास्तीत जास्त 325 व्होल्टच्या आसपासचा दाब सोसावा लागतो, तेथे 500 व्होल्ट पोहोचले की तो निकामी होऊ शकतो. आणि जादा दाब आला की स्वतः वाहक होऊन तो जमिनीकडे वळवणारा सर्ज प्रोटेक्टर या चाचणीलाच संकट समजून वाहू लागतो व माप खोटे पाडतो.

केवळ बटण बंद करणे म्हणजे उपकरण सोडवणे नव्हे, ही गोष्ट येथे ठासून सांगावी लागते. एकध्रुवी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय घरात इन्व्हर्टर असेल, तर मुख्य स्विच बंद केल्यावरही काही तारांत वीज खेळत असते, म्हणून तो वेगळा करून तारा निर्जीव झाल्याची खात्री टेस्टरने करणे अपरिहार्य आहे.

तथापि सरसकट सर्वच सोडवणेही शहाणपणाचे नाही, कारण जुन्या तारा हलवल्याने तुटतात. अशा ठिकाणी फेज व न्यूट्रल एकत्र बांधून त्यांचा अर्थिंगशी असलेला रोध मोजतात. त्यामुळे उपकरणाच्या दोन टोकांमध्ये दाब पडत नाही, मात्र फेज आणि न्यूट्रल यांच्यातील दोष या मापातून कळत नाही, आणि ही मर्यादा अहवालात नोंदवणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. सोडवलेल्या प्रत्येक जोडाची यादीही हवीच, कारण थ्री-फेज बोर्डातील न्यूट्रल परत घट्ट न बसवता पुरवठा सुरू केला, तर 230 व्होल्टच्या उपकरणांवर जवळजवळ 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो.